स्मार्टफोनची काच का फुटते आणि ती कशी जपावी

वर्षभर वापरलेला एखादा फोन बंद करावा, मऊ कापडाने त्याची काच पुसून घ्यावी आणि टेबलावरच्या दिव्याखाली तो तिरपा धरून पाहावा. समोरून पाहताना जी काच अगदी नितळ वाटते, तिच्यावर आता केसाहून बारीक रेघांचे जाळे दिसू लागते. काही रेघा अर्ध्या बोटाएवढ्या लांब असतात, काही नुसत्या टिंबांसारख्या. काच जिथे चौकटीला भिडते त्या कडेवरून नख फिरवले, तर एखाद्या ठिकाणी ते किंचित अडखळते. फोन वापरताना या रेघांचा काहीच त्रास होत नसल्यामुळे आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही. परंतु ज्या दिवशी फोन हातातून निसटतो आणि काचेला तडा जातो, त्या दिवशी तो तडा बहुतेक वेळा अशाच एखाद्या रेघेपासून किंवा कडेवरच्या बारीकशा टवक्यापासून निघालेला असतो.

माझा एक फोन जिन्याच्या चार पायऱ्या घरंगळत गेला होता, दोनदा खिशातून रस्त्यावर पडला होता, आणि तरीही शाबूत होता. पुढे काही महिन्यांनी पलंगाच्या कडेवरून, जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवरून तो फरशीवर पडला आणि डाव्या कोपऱ्यापासून थेट मध्यापर्यंत चिरा पसरल्या. मोठ्या आपटण्यातून जो वाचला तो एवढ्याशा पडण्याने कसा फुटला, हा प्रश्न मला तेव्हा फार छळत होता. त्याचे उत्तर काचेच्या स्वभावात आहे. काच आपल्याला झालेली प्रत्येक इजा जपून ठेवते. तिची जखम कधीही भरून येत नाही. शेवटचे पडणे हे केवळ निमित्त असते.

काच ठिसूळ असते हे सर्वांना ठाऊक आहे, पण ठिसूळ म्हणजे कमकुवत असा जो अर्थ आपण मनात धरतो, तो बरोबर नाही. स्टीलचा चमचा जोर लावला की वाकतो, कारण धातूतील अणू थराथरांनी रचलेले असतात आणि जोर पडल्यावर हे थर एकमेकांवरून सरकतात. लावलेल्या जोराचा बराच भाग त्या सरकण्यात जिरतो, त्यामुळे चमचा वेडावाकडा झाला तरी तुटत नाही. काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंचे एकसंध जाळे असते, मात्र त्याची वीण अनियमित असते. सरकायला त्यात थरच नसतात. म्हणून जोर वाढत गेला की काच किंचित लवते, जोर काढला की पूर्ववत होते, आणि मर्यादा ओलांडली की मधली कोणतीही अवस्था न येता एकदम तुटते. असे असले तरी ते जाळे बांधून ठेवणारे बंध विलक्षण बळकट असतात. नुसत्या या बंधांच्या बळावरून हिशेब मांडला, तर निर्दोष काच ओढून तोडण्यासाठी दर चौरस मिलिमीटरला काही हजार न्यूटन (न्यूटन हे जोर मोजण्याचे एकक) जोर लागायला हवा. खिडकीची साधी काच प्रत्यक्षात त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासच तुटते.

ही एवढी प्रचंड तफावत का पडते, याचा छडा लावला तो ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ या अभियंत्याने. इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानविषयक संशोधन संस्थेत काम करत असताना त्याने काचेचे तंतू ओढून तोडून पाहिले आणि १९२१ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. एक मिलिमीटर जाडीच्या तंतूच्या तुलनेत काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा ताजा तंतू, क्षेत्रफळाच्या प्रमाणात पाहता, सुमारे वीस पट बळकट निघाला. काच तीच, घटकही तेच. फरक इतकाच की तंतू जितका बारीक, तितकी त्याच्यात मोठी चीर मावण्याची शक्यता कमी. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य चिरा असतात आणि काचेचे बळ तिच्या बंधांवरून ठरत नाही, तर यांपैकी सर्वांत वाईट चिरेवरून ठरते, हे त्यातून स्पष्ट झाले.

एक बारीकशी चीर एवढे नुकसान कसे करते, हे समजून घेण्यासारखे आहे. कागदाचा तुकडा दोन्ही बाजूंनी सरळ ओढला तर तो सहजी फाटत नाही, पण कडेला कात्रीने लहानशी चीर दिली की तोच कागद हलक्या हाताने फाटत जातो. ताण कागदभर समप्रमाणात वाटला न जाता चिरेच्या टोकाशी एकवटतो. चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ मध्ये याचे गणित मांडले होते. पदार्थात गोल भोक असेल तर त्याच्या काठावरचा ताण आसपासच्या ताणाच्या तिप्पट होतो, आणि भोक लंबगोल असून त्याची लांबी रुंदीच्या दसपट असेल, तर टोकाशी हा ताण एकवीस पट होतो. काचेवरचा ओरखडा तर याहून कितीतरी अरुंद आणि टोकदार असतो. धातूमध्ये अशा चिरेचे टोक थरांच्या सरकण्यामुळे बोथट होते. काचेत ते धारदारच राहते. शिवाय चीर चौपट खोल झाली की काच मोडायला लागणारा ताण निम्म्यावर येतो.

काच कापणारे कारागीर हे शास्त्र कोणत्याही गणिताशिवाय पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. जाड काच ते करवतीने कापत बसत नाहीत. हिरकणीने तिच्यावर एक बारीक रेघ ओढतात, ती रेघ टेबलाच्या कडेशी आणतात आणि हाताने हलकासा दाब देतात. काच रेघेवरून सरळ तुटते. आपल्या फोनवर जो ओरखडा उठतो तो म्हणजे अशीच, आपल्या नकळत ओढली गेलेली रेघ होय.

यावर उपाय म्हणून फोनची काच साधी न ठेवता विशेष प्रक्रियेने मजबूत केलेली असते. त्या प्रक्रियेमागची कल्पना मला फार सुंदर वाटते. काच ओढली तर तुटते, पण दाबली तर फार मोठा जोर सहन करते, कारण दाबामुळे चीर उघडण्याऐवजी मिटते. मग काचेचा पृष्ठभाग कायमचा दाबाखाली ठेवता आला तर? टेबलावर उभ्या लावलेल्या दहा-बारा पुस्तकांची रांग दोन्ही टोकांना तळव्यांनी घट्ट दाबली, तर ती अख्खी रांग उचलता येते. मधली पुस्तके एकमेकांना चिकटवलेली नसतात. केवळ दाबामुळे ती धरून राहतात, आणि ती सुटायची असतील तर आधी तो दाब नाहीसा व्हावा लागतो. काचेच्या पृष्ठभागावर असा दाब कोंडून ठेवला, की बाहेरून येणाऱ्या ताणाला प्रथम तो दाब संपवावा लागतो आणि मगच चिरेला उघडता येते.

मोटारीच्या बाजूच्या खिडक्यांची काच तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडले जातात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला थर नंतर थंड होऊन आक्रसतो आणि बाहेरच्या थराला दाबात ओढतो. परंतु फोनची काच सर्वसाधारणपणे अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची असते. एवढ्या पातळ काचेत आतले आणि बाहेरचे तापमान पुरेसे वेगळे ठेवणे शक्य होत नाही, म्हणून तिथे रासायनिक मार्ग घ्यावा लागतो. सोडिअम असलेली ॲल्युमिनोसिलिकेट काच सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळलेल्या पोटॅशिअम नायट्रेटमध्ये, म्हणजेच सोऱ्यात, काही तास बुडवून ठेवतात. काचेतले सोडिअमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशिअमचे आयन येऊन बसतात. पोटॅशिअमचा आयन सोडिअमच्या आयनापेक्षा आकाराने सुमारे एक तृतीयांश मोठा असतो. बाकावर दाटीवाटीने बसलेल्या पाच मुलांना उठवून तिथेच पाच मोठी माणसे बसवावीत, तशी ती अवस्था होते. सगळे एकमेकांना रेटत राहतात आणि काचेच्या पृष्ठभागावर दर चौरस मिलिमीटरला कित्येक शे न्यूटनचा दाब कायमचा साठून राहतो.

कॉर्निंग या अमेरिकी कंपनीने रासायनिक रीतीने मजबूत केलेली काच १९६० च्या दशकातच तयार केली होती, पण तिला म्हणावे तसे गिऱ्हाईक मिळाले नव्हते. जानेवारी २००७ मध्ये पहिला आयफोन लोकांसमोर आला तेव्हा त्याचा दर्शनी भाग प्लॅस्टिकचा ठरलेला होता. विक्रीच्या काही दिवस आधी, जूनमध्ये, तो काचेचा असेल असे जाहीर झाले, आणि तिथून ही काच घराघरांत आणि खिशाखिशांत पोचली. प्लॅस्टिक सहजी फुटत नाही हे खरे, पण त्यावर इतक्या लवकर चरे उठतात की वाचणेही नकोसे होते.

आता मुख्य मुद्दा. दाबाचा हा थर अतिशय पातळ असतो. फोनच्या काचांमध्ये तो अनेक वर्षे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी असे. अलीकडच्या, लिथिअम असलेल्या काचांवर दोन टप्प्यांत ही प्रक्रिया केल्यावर तो १०० मायक्रॉनच्या पुढे जातो. पृष्ठभाग दाबात असला की त्याचा तोल सांभाळण्यासाठी काचेचा गाभा ताणात राहतो. ओरखडा या थराच्या आत राहिला, तर दाब त्याचे तोंड मिटवून ठेवतो आणि काच टिकते. एखाद्या टोकदार वस्तूने थर भेदून चीर आतल्या ताणलेल्या गाभ्यापर्यंत नेली, तर मात्र तिला अडवणारे काही उरत नाही. संरक्षणाचा सगळा विचार या एका गोष्टीभोवती फिरतो, तो म्हणजे काचेच्या त्या पातळ थरापलीकडे कोणतेही टोक जाऊ न देणे.

मग काचेवर ओरखडे उठवते कोण? बहुतेक जण खिशातल्या किल्ल्या आणि नाणी यांना दोष देतात, पण त्या फारशा दोषी नसतात. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची मांडणी केली. तिच्यात संगजिरे पहिल्या पायरीवर आणि हिरा दहाव्या पायरीवर आहे. वरच्या पायरीवरचा पदार्थ खालच्या पायरीवरच्या पदार्थावर ओरखडा काढू शकतो. नाण्यांचे तांबे आणि किल्ल्यांचे पितळ साधारण तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या आसपास येते, चाकूचे पोलाद साडेपाच-सहाच्या आसपास, फोनची काचही सहाच्या आसपास. वाळूचा कण मात्र बहुधा गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा असतो आणि तो सातव्या पायरीवर बसतो. धुळीत, रस्त्यावर, खिशाच्या तळाशी साचलेल्या भुकटीत, पिशवीच्या शिवणीत असे कण सर्वत्र असतात. किल्ली स्वतः काचेला ओरबाडत नाही. पण किल्ली आणि काच यांच्या मध्ये वाळूचा कण सापडला, की किल्लीच्या दाबाने तो काचेवर हिरकणीसारखा फिरतो. म्हणून किल्ल्यांपासून फोन दूर ठेवावा हा सल्ला योग्यच आहे, त्याचे कारण तेवढे वेगळे आहे.

आता पडण्याकडे वळू. एक मीटर उंचीवरून निसटलेला फोन अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर पोचतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. फोनचे वजन २०० ग्रॅम धरले, तर त्याच्याजवळ सुमारे दोन ज्यूल ऊर्जा असते. दोन ज्यूल म्हणजे फार काही नाही. प्रश्न ही ऊर्जा किती अंतरात आणि किती जागेवर खर्च होते हा आहे. कठीण फरशीवर फोन एका मिलिमीटरच्या अंतरात थांबला, तर त्याच्यावर सरासरीने त्याच्या वजनाच्या हजारपट, म्हणजे २०० किलो वजनाएवढा जोर येतो. हेच थांबणे मऊ कव्हर दबल्यामुळे पाच मिलिमीटरमध्ये झाले, तर जोर ४० किलोवर येतो. झेल घेताना क्रिकेटपटू हात मागे नेतो, त्यातही हेच सूत्र असते.

फोन सपाट पडला तर हा जोर मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो. परंतु फोन तसा क्वचितच पडतो. हातातून निसटताना तो गिरकी घेतो आणि बहुधा त्याचा कोपरा किंवा कड आधी टेकते. तेव्हा सगळा जोर काही चौरस मिलिमीटरांवर एकवटतो, चौकट क्षणभर वाकते आणि काचेची कड दाबली जाते. काच कापताना आणि घासताना तिच्या कडेवर सर्वांत जास्त सूक्ष्म टवके राहतात, त्यामुळे काचेचा सर्वांत दुबळा भाग आणि सर्वांत मोठा जोर एकाच ठिकाणी येतात. शिवाय फोनच्या चौकटी दिवसेंदिवस बारीक होत गेल्या आहेत, काच कडेपर्यंत पसरली आहे, काही फोनवर ती कडेला वळवून खाली नेली आहे, आणि फोन पूर्वीपेक्षा मोठे व जड झाले आहेत. काच सुधारली तरी तिच्यावरचे ओझे वाढले, ही गोष्ट जाहिरातींत कधी सांगितली जात नाही.

पडण्याच्या जागेचा परिणाम उंचीइतकाच, माझ्या मते तर उंचीहून अधिक असतो. गुळगुळीत फरशीवर काच सपाट पडली, तर ती थोडी लवून सावरू शकते. खडबडीत रस्त्यावर किंवा काँक्रीटवर मात्र खडीची टोके वर आलेली असतात. एकच टोक काचेला टेकले, की ते दोन कामे एकदम करते. ते स्वतः काचेत रुतून दाबाचा थर भेदते आणि त्याच वेळी काच त्या टोकाभोवती वाकून ताणली जाते. म्हणून छातीच्या उंचीवरून फरशीवर पडून वाचलेला फोन कमरेच्या उंचीवरून रस्त्यावर पडून फुटू शकतो.

फुटलेल्या काचेकडे नीट पाहिले, तर काय घडले ते बरेचसे वाचता येते. चिरेचे टोक काचेतून सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने धावू शकते, म्हणजे फोनची अख्खी लांबी पार करायला तिला सेकंदाचा दहाहजारावा भाग पुरतो. एका बिंदूपाशी काचेचा चुरा झालेला असून तिथून चहूकडे चिरा गेल्या असतील, तर तिथे खडा किंवा कठीण टोक लागले होते. चिरेला फाटे फुटत गेले असतील, तर काचेत त्या क्षणी पुष्कळ ऊर्जा साठली होती. एका चिरेने ती खर्च होईना, म्हणून तिला फाटे फुटले. कडेपासून निघालेली एकटी, लांब, वळणावळणाची चीर असेल, तर जोर कमी होता आणि कडेवरचा जुना टवका हळूहळू वाढत गेला असावा.

ही हळूहळू वाढणारी चीर फारशी कोणाला माहीत नसते. हवेतल्या बाष्पाचे रेणू चिरेच्या टोकापर्यंत पोचतात आणि तिथल्या ताणलेल्या सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांशी रासायनिक क्रिया करून ते तोडतात. ताण कायम असेल, तर चीर दिवसाकाठी अगदी थोडी थोडी पुढे सरकते आणि एका ठरावीक लांबीला पोचली की एकदम धावते. फोन रात्री चांगला ठेवला होता आणि सकाळी उचलला तर त्याला तडा गेलेला होता, असे कोणी सांगितले तर त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. अशा वेळी आणखी एक शक्यता तपासावी. आतली बॅटरी फुगली असेल, तर ती काचेला आतून ढकलत राहते. काच चौकटीपासून उचललेली दिसली किंवा फोन सपाट टेबलावर डगमगू लागला, तर फोनचे चार्जिंग आणि वापर त्याच क्षणी थांबवून तो दुरुस्तीला न्यावा. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

संरक्षणासाठी एकच वस्तू घ्यायची असेल, तर मी कव्हर घ्यायला सांगेन. कव्हर घेताना त्याचा रंग आणि जाडी यांपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे कव्हरची कड काचेच्या पातळीपेक्षा निदान एक मिलिमीटर वर आली पाहिजे. फोन पालथा पडला किंवा पालथा ठेवला, तर सपाट जमिनीला काच टेकत नाही, टेकते ती कड. दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. तिथे मऊ, दबणारा पदार्थ हवा आणि शक्य असेल तर आत हवेची पोकळी हवी, कारण थांबण्याचे अंतर वाढते ते तिथेच. संपूर्ण कडक प्लॅस्टिकचे पातळ कव्हर पाठीवरचे ओरखडे वाचवते, पण धक्का जसाच्या तसा चौकटीकडे पोचवते. वर्ष-दोन वर्षांत कव्हर सैल किंवा कडक झाले, तर ते बदलावे; सैल कव्हरमधून फोनचा कोपरा आपटताना बाहेर येतो.

फोनच्या काचेवर चिकटवायच्या जादा काचेबद्दल, म्हणजे टेम्पर्ड ग्लासबद्दल, पुष्कळ गैरसमज आहेत. ती फोनला अभेद्य करत नाही. तिचे काम ओरखडे आणि टोके स्वतःवर घेण्याचे आहे. वाळूचे कण तिच्यावर फिरतात, खडीचे टोक तिच्यात रुतते, ती फुटते आणि त्यात काही ऊर्जा खर्च होते. मूळ काचेचा दाबाचा थर मात्र शाबूत राहतो. कोपऱ्यावर बसलेल्या धक्क्यापुढे तिचा उपयोग फारसा नसतो, तिथे कव्हरच लागते. तिच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘९ एच’ पाहून ती मोसच्या मांडणीत नवव्या पायरीवर, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल आहे असे कोणी समजू नये. ते माप पेन्सिलीने घेतलेल्या चाचणीचे असते. ९ एच ही त्या चाचणीतली सर्वांत कठीण पेन्सिल, आणि तिने ओरखडा उठला नाही एवढाच त्याचा अर्थ. कोणतीही बरी काच ही चाचणी पार करते.

ती बसवताना घाई करू नये. खाली राहिलेला धुळीचा कण नुसता बुडबुडा करत नाही, तर दाब पडेल तेव्हा तोच मूळ काचेवर टोचतो. तिला तडा गेला की ती बदलावी, कारण तडा गेलेली काच धक्का नीट घेऊ शकत नाही आणि तिच्या कपच्या बोटाला लागतात. पातळ प्लॅस्टिकची फिल्म ओरखडे अडवते, पण टोकाचा मारा तेवढा रोखू शकत नाही. वळवलेल्या कडांच्या फोनवर मात्र कडक काच नीट चिकटत नाही, तिथे चांगली फिल्म बरी. घडीच्या फोनचा प्रकार निराळा आहे. काच जितकी पातळ, तितका वाकवताना तिच्या पृष्ठभागावर येणारा ताण कमी, म्हणून त्यांत केसापेक्षाही पातळ, सुमारे ३० मायक्रॉनची काच वापरतात आणि तिच्यावर कंपनीनेच एक संरक्षक थर बसवलेला असतो. साधी फिल्म समजून तो थर कधीही सोलू नये.

पुष्कळांना वाटते की यापेक्षा काचच आणखी कठीण का करत नाहीत. नीलमणी, म्हणजे सफायर, मोसच्या नवव्या पायरीवर आहे. घड्याळांवर आणि काही फोनच्या कॅमेऱ्यांच्या भिंगांवर तो वापरला जातो. वाळू त्याला ओरबाडू शकत नाही. परंतु तो काचेपेक्षा जड आणि महाग असतो, आणि कठीण असला तरी ठिसूळपणातून सुटलेला नसतो. काचेच्या बाबतीतही ओरखड्यांना दाद न देणारी घडण आणि पडण्याला टिकणारी घडण या दोन्ही एकाच वेळी साधणे अवघड जाते. एक वाढवली की दुसरीकडे काहीतरी सोडावे लागते. २०२० पासून काही फोनवर काचेत अतिसूक्ष्म स्फटिक वाढवलेली सिरॅमिक काच येऊ लागली आहे. तिच्यात धावत्या चिरेला त्या स्फटिकांमुळे अडथळा होतो. ही दिशा मला आशादायक वाटते, तरी ओरखडे तिच्यावरही पडतातच.

रोजच्या सवयींपैकी मागच्या खिशाची सवय सर्वांत वाईट आहे. फोनवर बसले की तो लवतो, काचेची बाहेरची बाजू ताणली जाते आणि तिच्यावरच्या प्रत्येक रेघेची परीक्षा होते; पाण्याची वाफ आणि वेळ यांचे काम त्यामुळे सोपे होते. फोनसाठी एक खिसा रिकामा राखावा आणि तो खिसा अधूनमधून उलटा करून झटकावा. वाळूत किंवा बांधकामाच्या जागी वावरून आल्यावर फोन तसाच कापडाने खसाखसा पुसू नये. आधी फुंकर मारून कण उडवावेत आणि मग ओलसर मऊ कापडाने पुसावे. आलेले ओरखडे टूथपेस्टने जातात असे सांगितले जाते, ते ऐकू नये. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक भुकटी असते; ती चीर भरत नाही, उलट काचेवरचा तेलकटपणा दूर ठेवणारा लेप घासून काढते आणि आजूबाजूला नव्या रेघा उठवते.

काच फुटलीच, तर प्रथम तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे कपच्या बोटात शिरणार नाहीत आणि भेगांतून ओल आत जाणार नाही. स्पर्श चालत असेपर्यंत फोनमधल्या माहितीची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी, कारण काचेखालचा डिस्प्ले, म्हणजे चित्र दाखवणारा भाग, त्याच काचेला पारदर्शक गोंदाने जोडलेला असतो आणि तोही केव्हाही बंद पडू शकतो. फोन पाणीरोधक असला, तरी तडा गेल्यावर त्याला पाण्याजवळ नेऊ नये. नवी काच बसवून घेताना एक गोष्ट स्वतः पाहून घ्यावी. पडताना चौकटीचा कोपरा चेपला असेल, तर तो सरळ करून, जुना गोंद आणि काचेचा चुरा खरवडून काढूनच नवी काच बसवायला सांगावे. चेपलेल्या चौकटीत जबरीने बसवलेली काच पहिल्या दिवसापासून ताणाखाली असते, आणि कडेखाली राहिलेला जुन्या काचेचा एक कणही नव्या काचेत पुढची चीर सुरू करायला पुरतो.